हिटर गेला, यावर एकमत

डिसेंबर मध्यावर आला की धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला तापमापक पेपरात येतो. एरवी त्याची कोणी विचारपूस करत नाही. पारा सहा-सातावर उतरला की मात्र थेट पहिल्या पानावर. साक्रीकर हा धुळ्याचा आकडा घेतात आणि त्यातून दोन वजा करतात. ही वजाबाकी कोणत्या आधारावर, हे विचारायचं नसतं. कान नदीचा काठ, पश्चिमेला डोंगर, रात्रभर निरभ्र आभाळ अशी कारणं शेकोटीभोवती मागाल तेवढी मिळतात. पण थंडी खरंच पडली की नाही, याचा निकाल पेपर उघडण्याआधीच लागलेला असतो. सकाळी साडेसहाला कुठल्या तरी गल्लीत सेल्फचा आवाज येतो, लांबतो, थकतो आणि बंद पडतो. मिनिटभराने पुन्हा. तिसऱ्या वेळी शेजारचं दार उघडतं.

"काय व्हयनं, भो?"

"चालूच नही व्हई राह्यनी."

"हिटर गया व्हई."

रोगी अजून कोणी पाहिलेला नाही, बॉनेट उघडलेलं नाही, पण निदान झालेलं आहे.

साक्री तालुका हा डिझेलवर चालणारा तालुका. मधून सुरत-नागपूर महामार्ग जातो, पिंपळनेरच्या बाजारात कांदा घेऊन पिकअप धावतात, दहिवेल-निजामपूरच्या दिशेने काळी-पिवळी जीप माणसं भरभरून नेते. तिची आसनक्षमता हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. घरगुती गाडीही वर्षानुवर्षं डिझेलचीच घेतली गेली, कारण ॲव्हरेज हा इथे जावयाच्या पगाराइतका गंभीर प्रश्न असतो. इंडिका आली, सुमो होतीच, बोलेरो आली, मग स्विफ्ट. एप्रिल २०२० मध्ये नवे प्रदूषण नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. त्यामुळे ज्यांच्याकडे डिझेल स्विफ्ट आहे ते ती विकत नाहीत, आणि ती दरवर्षी एका हिवाळ्याने म्हातारी होते. गल्लीतला सकाळचा तो आवाज दरवर्षी थोडा वाढतो आहे, त्यामागे थंडीइतकाच गाड्यांच्या वयाचाही हात आहे.

गाडीभोवती पाच-सहा माणसं जमली की मतदान सुरू होतं. नाना म्हणतात बॅटरी. आप्पा म्हणतात पंपाने हवा घेतली. ट्रॅक्टरवाला पोरगा म्हणतो फिल्टर चोक आहे, कारण त्याच्या ट्रॅक्टरचा परवा होता. एखादा सुरतेला जाऊन-येऊन असलेला गृहस्थ हमखास म्हणतो, "डिझेल गोठलं असेल." याच्याकडे इतर जण आदराने पाहतात. वास्तविक गोठणाऱ्या डिझेलचं दुखणं लडाखचं. तिथे उणे तीस अंशांत डिझेलमधलं मेण घट्ट होतं, म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं खास हिवाळी डिझेल तिकडे पाठवायला सुरुवात केली. साक्रीच्या सहा अंशांत फार तर खोबरेल तेलाची बाटली गोठते. पण लडाखचं दुखणं आपल्या दारात उभं आहे, ही कल्पनाच इतकी रुबाबदार असते की मालकालाही ती सोडवत नाही.

शेवटी सगळे फिरून हिटरवर येतात. हिटर प्लग, म्हणजे डब्यावर छापलेला ग्लो प्लग, ही बोटाएवढी, पेन्सिलीसारखी वस्तू. ती नेमकं काय करते हे सांगणारा त्या घोळक्यात सहसा एकच असतो आणि त्याला कोणी बोलू देत नाही.

मूळ भानगड रुडॉल्फ डिझेल यांची. पॅरिसमध्ये जन्मलेल्या या जर्मन इंजिनिअरला १८९३ मध्ये आपल्या इंजिनाचं पेटंट मिळालं आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्गच्या कारखान्यात ते इंजिन खऱ्या अर्थाने चाललं. त्यात ठिणगी नाही. हवा सिलिंडरमध्ये इतकी दाबायची की ती आपोआप पाचशे-सहाशे अंशांच्या घरात तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो स्वतःच पेट घेतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचा तळ गरम लागतो, त्याचाच हा थोरला अवतार. अडचण पहाटेची. इंजिनाचं लोखंड रात्रभर गारठलेलं असतं, ते त्या हवेची ऊब शोषून घेतं. सेल्फ मंद फिरला तर हवा रिंगांच्या फटींतून निसटते, दाब कमी, ताप कमी. फवारा उडतो, पेटत नाही आणि तसाच पांढरा धूर होऊन मागच्या नळीतून बाहेर पडतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यात एक हिटर. किल्ली अर्धी फिरवली की त्याचं टोक लालबुंद होतं, आठशे-नऊशे अंशांवर जातं, आणि फवाऱ्याला पेटायला एक जागा मिळते.

१९३६ च्या मर्सिडिझ २६० डी या पहिल्या कारखानी डिझेल मोटारीतही हेच हिटर होते. जुने हिटर तापायला चांगले अर्धा-एक मिनिट घेत. जर्मन माणूस तेवढा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून मुकाट बसून राही. या थांबण्याला तिकडे थट्टेने नाव पडलं होतं रुडॉल्फ डिझेल यांच्या स्मृतीचं मिनिट. थट्टेला थोडी कडू किनार आहे, कारण २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून डिझेल नाहीसे झाले, नंतर त्यांचा मृतदेहच सापडला. साक्रीत हे स्मृतिमिनिट पाळलं जात नाही. किल्ली लावली की एका दमात सेल्फ. दिव्याचं वेटोळं डॅशबोर्डवर पिवळं होऊन मालकाकडे बघत असतं आणि मालक समोर बघत असतो.

काळी-पिवळीचे जुने ड्रायव्हर मात्र यात अपवाद. त्यांच्या ट्रॅक्सच्या २.४ लिटरच्या इंजिनाचा मूळ आराखडा मर्सिडिझचाच, सिलिंडरआधीच्या कप्प्यात डिझेल पेटवून मग सिलिंडरमध्ये सोडणारा. अशा इंजिनांत हवा एका लहानशा बोळातून जाते आणि भिंतींना चिकटून थंड होते, म्हणून त्यांना थंडीत हिटर दिल्याशिवाय हलायचंच नाही. ते ड्रायव्हर किल्ली अर्धी फिरवून तंबाखू मळत, मळून झाली की हिटर तापला असं मानत, आणि हा हिशेब टायमरच्या तोडीचा असे. या धाटणीच्या जुन्या मर्सिडिझ इंजिनांत चारही हिटर एकामागोमाग एकाच तारेत जोडलेले असत. गणपतीच्या जुन्या माळेसारखंच. एक दिवा गेला की अख्खी आरास अंधारात. हे एका अर्थी बरं होतं. एक गेला हे त्याच दिवशी कळायचं.

पुढे सगळे हिटर समांतर जोडले गेले आणि खरी गंमत तिथे सुरू झाली.

आता चारांपैकी एक गेला तर बाकी तीन काम उरकतात. त्यात खानदेशचा उन्हाळा. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर असताना इंजिनाला हिटरची गरज जवळपास नसते. बॉनेटवर पापड वाळवता येईल अशी अवस्था. नव्या कॉमन रेल इंजिनांत तर फवारा थेट पिस्टनच्या वाटीत आणि इतक्या दाबाने जातो की सौम्य हवेत ती हिटरशिवायही चालू होतात. म्हणजे पहिला हिटर होळीला जातो, कोणाला कळत नाही. दुसरा पोळ्याच्या सुमारास जातो, पावसाळी गारव्यात गाडी सकाळी अर्धा सेकंद जास्त घेते, मालक म्हणतो डिझेलमध्ये भेसळ आहे. कार्तिकी एकादशीला आमळीच्या कन्हय्यालाल महाराजांच्या यात्रेला पहाटे निघताना गाडी थोडी थरथरते, मागे पांढरा भपकारा येतो, सगळे म्हणतात थंडी सुरू झाली. तिसरा हिटर डिसेंबरात जातो. त्या सकाळी मालक शपथेवर सांगतो, "कालपर्यंत काहीही त्रास नव्हता."

तो खोटं बोलत नसतो. त्याच्या गाडीचे दोन हिटर त्याच्या नकळत गेलेले असतात आणि तो फक्त शेवटच्याच्या अंत्यविधीला हजर असतो.

डॅशबोर्डवरचा तो पिवळा वेटोळ्याचा दिवा हाही एक लबाड गडी आहे. लोकांना वाटतं दिवा विझला म्हणजे हिटर तापला. जुन्या गाड्यांत दिव्याला हिटरची काहीच खबर नसते. पाण्याचं तापमान बघून टायमर ठरावीक सेकंद मोजतो आणि दिवा विझवतो. चारही हिटर मेलेले असले तरी त्याच आत्मविश्वासाने. नव्या गाड्यांतलं कंट्रोल युनिट एकेका हिटरचा करंट तपासतं आणि बिघाड दिसला की इंजिनाचा दिवा लावतं. पण तो दिवा साक्रीत बहुतेक गाड्यांत कायमच लागलेला असतो. कोणाच्या तो सेन्सरमुळे, कोणाच्या कोंडाईबारी घाटात उंदराने वायर खाल्ल्यापासून. मालकांनी त्याच्याशी जमवून घेतलेलं असतं. तो विझला तरच ते घाबरतात.

साडेनऊला मिस्तरी येतो. त्याआधी नाही, कारण त्यालाही थंडी वाजते, आणि त्याला पक्कं ठाऊक असतं की ऊन वर आलं की निम्म्या गाड्या आपोआप चालू होतात. मिस्तरी चांगला असेल तर तो पाना काढत नाही, प्रश्न काढतो. साक्रीतल्या मोटारविद्येचा हा सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत स्वस्त भाग.

"फक्त सकाळी त्रास देते की दुपारीही?"

"दुपारचं काय सांगू मिस्तरी, दुपारी मी बंदच करत नाही."

"का?"

"परत चालू नाही झाली तर?"

मिस्तरी हे मनात टिपून ठेवतो. गरम इंजिनही चालू व्हायला नखरे करत असेल तर हिटर निर्दोष. मग पंप, नोजल, कम्प्रेशन यांच्याकडे बघायचं.

"सेल्फ मारल्यावर धूर येतो का?"

"येतो ना. काल शेजारच्या काकू बाहेर आल्या."

"रंग कोणता?"

इथे शांतता पसरते. मालक आत बसलेला असतो, धूर मागून येतो, आणि मागे उभे असणारे सगळे इंजिनाकडे बघायला पुढे आलेले असतात. मग साक्षी घेतल्या जातात. एक म्हणतो पांढरा. दुसरा म्हणतो काळा. काकू सांगतात, "वास होता हो, रॉकेलसारखा." या एकाच साक्षीत तथ्य असतं. पांढरा, डोळे चुरचुरवणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर म्हणजे डिझेल पोहोचतंय, पेटत नाही. संशय हिटरवर किंवा कम्प्रेशनवर. सेल्फ जोरात फिरतोय आणि मागून फुंकरसुद्धा नाही, म्हणजे डिझेलच पोहोचत नाही. हवा, फिल्टर, पंपाचा सोलेनॉइड, नाहीतर किल्लीचं इमोबिलायझर. आणि सेल्फच रडत-रखडत फिरतोय, तर या सगळ्या चर्चा बंद करून आधी बॅटरीच्या टर्मिनलवरची ती हिरवी-पांढरी बुरशी बघायची. गारठलेली बॅटरी कमी ताकदीने काम करते, इंजिन ऑइल मधासारखं घट्ट झालेलं असतं, आणि अर्थिंगची पट्टी गंजलेली असली तर उरलेला जीव तिथे जातो. साक्रीत डिसेंबरात हिटरच्या नावावर जेवढे गुन्हे नोंदवले जातात त्यांतले बरेच बॅटरीने केलेले असतात, असं कुठलाही म्हातारा मिस्तरी सांगेल. पण बॅटरीची किंमत पाच-सहा हजार आणि हिटर काही शे रुपयांचा. आरोपी निवडताना मालक स्वस्तातला निवडतो, हे मानवी आहे.

संशय हिटरवरच पक्का झाला तर तपास दोन मिनिटांचा. हिटरवरची वायर काढायची, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला लावायचं, दुसरं हिटरच्या टोकाला टेकवायचं. लागला तर आतली तार शाबूत, नाही लागला तर मेला. मल्टीमीटर असेल तर अर्धा ते दोन ओहम दिसायला हवेत. आता दीडशे रुपयांच्या मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी तो अर्धा ओहम दाखवतो, ही गोष्ट वेगळी. ते आधी वजा करावं लागतं. वजाबाकीत साक्रीकर वाकबगार असल्याने इथे अडत नाही. चारही हिटर ठणठणीत निघाले तर किल्ली फिरवून त्यांच्यापर्यंत व्होल्ट येतायत का ते बघायचं. नसतील तर रिले किंवा जाडजूड फ्यूज गेला. एकेक हिटर तापताना सुरुवातीला दहा-वीस अँपिअर ओढतो, चार मिळून एका हेडलाइटच्या दहापट, त्यामुळे रिलेचे कॉन्टॅक्ट जळणं यात नवल नाही. नवल हे की बहुतेक ठिकाणी चार नवे हिटर बसवून झाल्यावर रिलेकडे बघितलं जातं.

काही मिस्तऱ्यांना नाट्यमय चाचणी आवडते. हिटर बाहेर काढून जंपर केबलने थेट बॅटरीला लावायचा. चांगला असेल तर टोकाकडून लाल व्हायला लागतो. मधूनच लाल झाला आणि टोक काळं राहिलं तर बाद. हा प्रयोग बघायला घोळका पुढे सरकतो आणि एखादा त्यावर बिडी पेटवून घेतो.

तपास नको असलेल्यांसाठी दोन जुने उपाय आहेत आणि दोन्ही धोक्याचे. पहिला हवेच्या पाइपाशी पेटता काकडा धरण्याचा, शेतातल्या ऑइल इंजिनावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेला. त्याला प्लास्टिकचा एअर फिल्टर ठाऊक नाही. दुसरा स्टार्टिंग स्प्रेचा. त्यातला ईथर इतका उतावळा पेटतो की आत हिटर लालबुंद असताना तो सोडला तर पिस्टन वर येण्याआधीच भडका उडतो. रिंग मोडू शकतात, पिस्टनचा तुकडा पडू शकतो. तिसरा उपाय धक्क्याचा. तो सर्वांना आवडतो कारण त्यात सर्वांना भाग घेता येतो. उतारावर गाडी लावणाऱ्यांना धक्काही लागत नाही, पण इंजिन चालू होईपर्यंत ब्रेकला बूस्टरची मदत नसते आणि स्टिअरिंग दगडासारखं असतं, हे उताराच्या तळाशी असलेल्या चहावाल्याला चांगलं माहीत आहे. तो आपली बाकडी सकाळी आठनंतरच बाहेर मांडतो.

आणि मग तो प्रसंग, ज्याला मिस्तरी खरा घाबरतो. हिटर काढणं. दहा वर्षं तो ॲल्युमिनिअमच्या हेडमध्ये बसलेला, टोकाभोवती काजळी जमून तिथेच चिकटलेला. थंड इंजिनात पान्याला जोर दिला तर आट्यांशी कट्‌कन तुटतो आणि अर्धा आत राहतो. मग हेड खोला, लेथवर न्या. काही शे रुपयांच्या हिटरपायी हजारोंचा खर्च. शहाणा मिस्तरी आदल्या दिवशी आट्यांवर तेल सोडतो, इंजिन गरम करून घेतो आणि मग पाना पाव पाव आटा पुढे-मागे हलवतो. अडचण एवढीच की जे इंजिन चालू होत नाही म्हणून हिटर काढायचे, तेच आधी चालू करून गरम करायचं. हे कोडं मालकाला समजावण्यात जो वेळ जातो तेवढ्यात ऊन तापतं आणि गाडी चालू होते. "झाली की!" म्हणून मालक थेट निघून जातो. दुसऱ्या दिवशी साडेसहाला गल्लीत पुन्हा तोच आवाज.

नव्या गाड्यांनी निदानाचं काम सोपं केलं, असं धुळ्यातले स्कॅनरवाले म्हणतात. गाडीला वायर लावायची, पडदा सांगतो: तिसऱ्या सिलिंडरचा हिटर. मालक कागदावर 'तीन' लिहून साक्रीला येतो. मिस्तरी बॉनेट उघडून बेल्टच्या बाजूने मोजतो, एक, दोन, तीन, आणि तिसरा बदलतो. स्विफ्ट असेल तर बरोबर. गाडी डिझेल डस्टर असेल तर तिचं १.५ लिटरचं इंजिन रेनोचं, आणि फ्रेंचांनी पहिला सिलिंडर उलट बाजूला, गिअरबॉक्सकडे धरलेला. इकडून तीन म्हणजे तिकडून दोन. दुसऱ्या सकाळी गाडी तशीच थरथरत, तसाच भपकारा सोडत चालू होते. मालक म्हणतो स्कॅनर खोटा. स्कॅनरवाला फोनवर म्हणतो मिस्तरीला मोजता येत नाही. घोळक्यातले निम्मे या बाजूने मोजतात, निम्मे त्या बाजूने, आणि आप्पांना अजूनही पंपाने हवा घेतल्याचंच वाटतं. मिस्तरी शेवटी दुसराही काढतो आणि तपासतो. तोच मेलेला निघतो. मग उरलेल्या दोघांकडे बघून तो मालकाला म्हणतो, "आता एवढं खोललंच आहे, तर हे पण टाकून घेऊ का? परत जानेवारीत यायला नको." मालक पाकीट काढतो, आत बघतो आणि विचारतो, "जानेवारीत थंडी किती पडणार म्हणतायत पेपरात?"